किशोरवयीन मुलांच्या हाती कथेतर पुस्तक कसं द्यावं: निवडीपासून शिफारशीपर्यंत

'आमच्याकडे गोष्टींची पुस्तकं वाचली जातात, पण खऱ्या माहितीचं काही दिलं की ते तसंच पडून राहतं.' 13 ते 18 वयाच्या मुलांचे पालक आणि शिक्षक ही तक्रार घेऊन येतात, तेव्हा मी आधी विचारते, 'कोणतं पुस्तक दिलं होतं?' उत्तरं ठरलेली असतात. एखाद्या थोर माणसाचं जाडजूड चरित्र, नाहीतर एकाग्रता, वेळेचं नियोजन, यशाची सूत्रं. मुलाला काय जाणून घ्यायचंय हे कुणी पाहिलेलं नसतं. त्याच्यात काय कमी आहे असं आपल्याला वाटतं, ते भरून काढायला पुस्तक आणलेलं असतं. मुलांना हे पहिल्या पानावरच कळतं आणि तिथंच पुस्तक मिटतं.

मी किशोरांचा एक वाचनगट बरीच वर्षं चालवते. तिथं सगळ्यात जास्त हातोहात फिरतात ती खऱ्या घडलेल्या गोष्टींचीच पुस्तकं. चूक होते ती क्रमात. आधी पुस्तक ठरतं आणि मग मुलाला त्यात बसवायची खटपट सुरू होते. पुढच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा. पहिल्या दोन गाळून थेट पुस्तक शोधायला निघालात, तर पुन्हा तिथंच याल.

## तयारी: आठवडाभर फक्त ऐका

एक कोरा कागद घ्या आणि आठवडाभर मुलाची वाक्यं त्यावर उतरवा. त्याच्याच शब्दांत, दुरुस्त न करता. न विचारता तो काय सांगत येतो, कशावरून वाद घालतो, कोणता व्हिडिओ दुसऱ्यांदा लावतो, जेवताना कोणता प्रश्न टाकतो. माझ्याकडच्या अशा कागदांवरची काही वाक्यं: 'पाणबुडीतली हवा संपत आली तर आधी काय बंद करतात?' 'न्यायाधीशच चुकला तर?' 'एवढं जिंकल्यावर तिनं खेळ सोडला का?' यातलं प्रत्येक वाक्य एकेका पुस्तकाकडे बोट दाखवतं.

'तुला काय वाचायला आवडेल?' असं थेट विचारू नका. या प्रश्नाला 'काहीही' हेच उत्तर येतं, कारण काय उपलब्ध आहे हेच त्याला माहीत नसतं.

त्याच कागदावर आणखी एक नोंद करा: मूल मजेसाठी कोणत्या भाषेत वाचतं? शाळेचं माध्यम आणि मजेची भाषा एकच असेल असं नाही. इंग्रजी माध्यमात शिकणारी कितीतरी मुलं मराठीत भराभर वाचतात आणि याच्या उलटही असतं. भाषा सुधारावी म्हणून अवघड भाषेतलं पुस्तक दिलं, तर ना भाषा सुधारते ना पुस्तक वाचून होतं.

तपासा: आठवडा संपला तेव्हा कागदावर मुलाची निदान पाच वाक्यं हवीत आणि त्यांतले दोन तरी प्रश्न हवेत. नसतील तर आणखी चार दिवस थांबा.

## पायरी 1: विषयाच्या पोटातला प्रश्न काढा

सगळ्यात मोठी चूक इथं होते. 'त्याला अंतराळ आवडतं' एवढ्यावर लोक अंतराळाचं पुस्तक आणतात. पण अंतराळ हा विषय झाला, आणि एका विषयाच्या पोटात दहा वेगळे प्रश्न असतात. ग्रह कसे बनले, हा एक प्रश्न. तिथं जायला माणसं कशी निवडतात, हा दुसरा. वर गेल्यावर काही बिघडलं तर काय करतात, हा तिसरा. तिसरा प्रश्न असलेल्या मुलाला ग्रहांची सचित्र माहिती दिली, तर तो चित्रं बघून ते बाजूला ठेवणार.

माझ्या गटातल्या एका 14 वर्षांच्या मुलाचं असंच झालं होतं. घरी अंतराळावरची तीन पुस्तकं, तिन्ही अर्धवट. त्याच्या कागदावरची वाक्यं पाहिली तर सगळी बिघाडाची: स्फोट, गळती, संपर्क तुटणं. मी त्याला अपोलो 13 च्या मोहिमेवरचं एकच प्रकरण उघडून दिलं. एप्रिल 1970 मध्ये चंद्राच्या वाटेवर यानातली ऑक्सिजनची टाकी फुटली आणि तिघा अंतराळवीरांना चंद्रावर उतरायच्या छोट्या जोडयानात आसरा घ्यावा लागला. तिथं त्यांच्याच श्वासातला कार्बन डायऑक्साइड साचू लागला. हवा शुद्ध करणारे जादा डबे होते ते चौकोनी आणि बसवायची जागा होती गोल. जमिनीवरच्या अभियंत्यांनी यानात असलेल्याच वस्तू वापरून जोडणी शोधली: प्लास्टिकच्या पिशव्या, पुस्तिकेचं पुठ्ठ्याचं कव्हर, पोशाखाची नळी आणि चिकटपट्टी. मग ती कृती रेडिओवरून एकेक पायरी वाचून दाखवली. मुलानं ते प्रकरण उभ्याउभ्या वाचलं आणि विचारलं, 'म्हणजे चौकोनी आणि गोल असेल हे आधी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं?' पुढचं पुस्तक त्यानं स्वतः शोधलं.

म्हणून कागदावरच्या प्रत्येक विषयासमोर कसं, का, कोण, मग काय झालं, खरं की खोटं यांपैकी एक शब्द लिहा. 'कसं' विचारणाऱ्या मुलाला यंत्र, शरीर, निसर्ग उलगडून दाखवणारं पुस्तक लागतं. 'मग काय झालं' विचारणाऱ्याला घटनेची सलग हकीकत हवी असते. 'खरं की खोटं' विचारणारी मुलं फार वेळा दुर्लक्षित राहतात. त्यांना फसवणुकी, गैरसमज, चुकलेले शोध यांवरची पुस्तकं द्या, ती झपाटल्यासारखी वाचतात.

## पायरी 2: पुस्तकाचा बाज ठरवा

प्रश्न मिळाला की लगेच नाव शोधू नका. आधी बाज ठरवा, कारण एकाच प्रश्नाचं उत्तर देणारी पुस्तकं अगदी वेगवेगळ्या अंगाने लिहिलेली असतात.

स्वतःच्या वयाच्या माणसाचा अनुभव. कथेतराकडे न फिरकलेल्या मुलासाठी ही सर्वांत खात्रीची वाट. पुढे नाझींपासून कुटुंबासह लपून राहावं लागलेल्या अॅन फ्रँकला 12 जून 1942 रोजी तेराव्या वाढदिवसाला डायरी मिळाली. तिच्या डायरीत युद्ध आहे, तसाच आईवरचा राग आहे आणि खोली वाटून घ्यावी लागल्याची चीडही आहे. मुलं आधी ओळखतात ती चीड, युद्ध त्यांना नंतर कळत जातं. मलावीच्या विल्यम कामक्वांबाचं तसंच. दुष्काळात घरची फी भरायची ऐपत राहिली नाही, शाळा सुटली, तेव्हा तो 14 वर्षांचा होता. वाचनालयातल्या एका पुस्तकावर पवनचक्क्यांचं चित्र पाहून त्यानं सायकलचे भाग, ट्रॅक्टरचा पंखा, प्लास्टिकचे पाइप आणि डायनॅमो जोडून पवनचक्की उभारली आणि घरात दिवा लावला. 'कसं' विचारणारं मूल आणि 'मग काय झालं' विचारणारं मूल, दोघांनाही त्याचं 'द बॉय हू हार्नेस्ड द विंड' हे पुस्तक धरून ठेवतं. असं क्वचितच जमतं.

एकाच घटनेची हकीकत. मोहीम, अपघात, खटला, शोध. काळ थोडा, माणसं मोजकी, पुढे काय होणार याची ओढ. अंटार्क्टिक मोहिमेवर निघालेल्या शॅकल्टनच्या 'एन्ड्युरन्स' जहाजावरचं आल्फ्रेड लान्सिंग यांचं पुस्तक 1959 चं आहे, तरी आजची मुलं ते हातातून खाली ठेवत नाहीत. जहाज 1915 मध्ये अंटार्क्टिकच्या बर्फात अडकलं, चिरडलं गेलं आणि बुडालं. त्यावरचे सगळे 28 जण मात्र जिवंत परतले. शेवट आधीच सांगितला तरी मुलांची ओढ कमी होत नाही. 'सगळे वाचले' म्हटलं की 'ते कसं शक्य आहे?' म्हणून ती वाचायला घेतात.

चित्रमय आत्मकथन आणि इतिहास. इराणमधलं बालपण सांगणारं मार्जान सत्रापी यांचं 'पर्सेपोलिस' आणि वडिलांच्या छळछावणीच्या आठवणी मांडणारं आर्ट स्पीगलमन यांचं 'माउस' ही दोन भक्कम उदाहरणं. 'माउस'ला 1992 मध्ये विशेष पुलित्झर पुरस्कार मिळाला. तेव्हा 'ही कॉमिक्स आहेत, खरं वाचन नव्हे' असं म्हणून ती बाजूला सारू नका. एका चौकटीत काय दाखवलंय आणि काय मुद्दाम वगळलंय हे ओळखणं हे पक्कं वाचन आहे.

अचाट प्रश्न, नेमकी उत्तरं. छोटी प्रकरणं, कुठूनही उघडावीत अशी. रँडल मन्रो यांचं 'व्हॉट इफ?' (2014) या जातीचं आहे: प्रश्न वेडगळ, उत्तर भौतिकशास्त्राचं आणि आकडेमोड खरीखुरी. सलग वाचायचा कंटाळा असलेल्या मुलासाठी इथून सुरुवात करा.

करून बघायच्या कृतींची पुस्तकं, निबंधसंग्रह, पत्रं हे प्रकारही आहेतच. पण पहिल्या पुस्तकासाठी वरच्या चारांतून निवडा.

सावधान: उपदेशाची पुस्तकं या यादीत मी मुद्दाम घेतलेली नाहीत. मुलानं स्वतः मागितलं तर जरूर द्या. आपण होऊन दिलं, तर 'तू जसा आहेस तसा पुरेसा नाहीस' असं त्याच्या हातात ठेवल्यासारखं होतं.

## पायरी 3: नाव तेच, पुस्तक वेगळं. आवृत्ती नीट बघा

नाव ठरलं की बरेच जण घाईने मागवतात आणि इथं फसतात. लोकप्रिय कथेतर पुस्तकांच्या दोन-तीन आवृत्त्या असतात: मोठ्यांसाठीची मूळ, किशोरांसाठी नव्याने लिहिलेली आणि कधी लहान मुलांसाठी चित्रांची. मुखपृष्ठं सारखी, नावं सारखी.

कामक्वांबाचंच बघा. मूळ पुस्तक 2009 चं, चित्रपुस्तक 2012 चं, किशोर आवृत्ती 2015 ची. 15 वर्षांच्या मुलीला भेट म्हणून चित्रपुस्तक आलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तिनं हसून ते लहान भावाला दिलं आणि मूळ पुस्तकाकडे पुढे कधी वळलीच नाही. मलालाच्या आत्मकथनाचंही तसंच. 2013 ची आवृत्ती क्रिस्टिना लँब यांच्यासोबत लिहिलेली, तिच्यात स्वात खोऱ्याचा आणि पाकिस्तानच्या राजकारणाचा इतिहास बराच आहे. 2014 ची किशोर आवृत्ती पॅट्रिशिया मॅकॉर्मिक यांच्यासोबतची, ती घर, शाळा आणि मैत्रिणींच्या जवळ राहते. दोन्ही चांगल्या आहेत. 17 वर्षांच्या, राजकारणावर तावातावाने बोलणाऱ्या मुलीला मी मूळच देईन. 13 वर्षांच्या मुलाला किशोर आवृत्ती.

अॅनच्या डायरीचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं आहे. 1947 मध्ये डच भाषेत ती पहिल्यांदा छापली गेली तेव्हा वडील ओटो फ्रँक यांनी काही भाग वगळला होता. 1991 मध्ये आलेल्या विस्तारित आवृत्तीत सुमारे 30 टक्के मजकूर जास्त आहे. 2017 मध्ये चित्रमय रूपांतरही आलं. शिवाय अॅननं स्वतः 1944 मध्ये, युद्धकाळातल्या डायऱ्या आणि पत्रं जपून ठेवा असं रेडिओवर ऐकल्यावर, आपलं जुनं लिखाण पुन्हा लिहायला घेतलं होतं. हे मुलांना अवश्य सांगा. त्यांच्याच वयाची मुलगी स्वतःची वाक्यं खोडून पुन्हा लिहीत होती, हे कळल्यावर डायरीकडे बघण्याची त्यांची नजर बदलते.

अनुवाद घेत असाल तर आतल्या पानावर 'संक्षिप्त' किंवा 'रूपांतर' असं लिहिलंय का ते बघा. मग मधलं एक पान मोठ्याने वाचा. वाचताना जीभ अडखळली, वाक्य उलटं फिरवून घ्यावं लागलं, तर तो अनुवाद ठेवून द्या. मूळ पुस्तक कितीही चांगलं असो, मूल त्या अनुवादाशी झगडणार नाही.

तपासा: मागवण्याआधी चार गोष्टी जुळवा: प्रकाशनाचं वर्ष, सहलेखकाचं नाव, पानांची संख्या, उपशीर्षक. किशोर आवृत्तीत यांतलं काहीतरी बदललेलं असतंच.

## पायरी 4: पुस्तक हातात घेऊन चाळणी लावा

पाच-दहा मिनिटांचं काम आहे. मी पुढच्या क्रमाने करते.

आधी मधलं पान. पहिलं पान सगळेच घासूनपुसून लिहितात. मधलं पान कोरडं असेल तर पुस्तक मधेच कोरडं पडणार.

मग वर्ष. इथं एक बारकावा आहे. विज्ञानाच्या पुस्तकात वर्ष फार महत्त्वाचं. ऑगस्ट 2006 मध्ये प्लूटोची गणना बटुग्रहांत झाली. त्याआधीच्या पुस्तकांत नऊ ग्रह दिसतील, आणि पहिल्याच प्रकरणात चूक सापडली की मूल उरलेल्या पुस्तकावरही विश्वास ठेवत नाही. हकीकतीचं तसं नसतं. लान्सिंग यांचं पुस्तक साठ वर्षांहून जुनं असूनही ताजं आहे, कारण त्यांनी मोहिमेतल्या माणसांच्या डायऱ्या वाचून, हयात असलेल्यांशी बोलून लिहिलं. बुडालेलं ते जहाज मार्च 2022 मध्ये समुद्रतळाशी, सुमारे 3,000 मीटर खोल सापडलं. ही बातमी पुस्तकात नाही, आणि ते बरंच आहे. पुस्तक संपवून ती स्वतः शोधून काढणारी मुलं मी पाहिली आहेत. पाण्याखाली अजून वाचता येणारं जहाजाचं नाव दाखवायला एक मुलगी धावत आली होती.

मग शेवटची पानं. टिपा, स्रोत, छायाचित्रांचा तपशील आहे का? पुस्तकातले संवाद अवतरणचिन्हांत असतील, तर ते लेखकाला कुठून मिळाले हे सांगितलंय का? 'हे खरंच असं बोलले होते?' हा किशोरांचा आवडता प्रश्न आहे आणि तो योग्य आहे. उत्तर मागच्या पानांत मिळालं तर पुस्तकाचं वजन वाढतं. नसेल, तर काही भाग लेखकाने रचला असावा हे मुलाला आधीच सांगून टाका.

नकाशे, आकृत्या, माणसांची यादी असेल तर उत्तम. नसेल आणि नावं खूप असतील, तर एका चिठ्ठीवर सात-आठ मुख्य नावं लिहून पुस्तकात ठेवा.

सावधान: पुरस्कारांच्या याद्या चांगल्या, पण त्या सुरुवात करण्यापुरत्या. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनचा याल्सा हा विभाग 2010 पासून 12 ते 18 वयोगटासाठीच्या उत्कृष्ट कथेतर पुस्तकाला पुरस्कार देतो. अंतिम फेरीतल्या पुस्तकांची नावं पाहिली तर नवी पुस्तकं नक्की कळतात. मात्र तिथं निवड करणारे मोठे लोक असतात. तुमच्या कागदावरच्या प्रश्नाशी पुस्तक जुळत नसेल, तर पुरस्कार असूनही ते तुमच्या मुलाचं नव्हे.

## पायरी 5: जड भाग आधी स्वतः वाचा

खऱ्या गोष्टींत मृत्यू असतो, हिंसा असते, कधी लैंगिक अत्याचार, कधी आत्महत्या. 13 वर्षांच्या आणि 17 वर्षांच्या मुलाची झेप सारखी नसते आणि एकाच वयाच्या दोन मुलांचीही नसते. म्हणून असे भाग आधी स्वतः वाचा.

पुस्तक लपवू नका, पानं चिकटवू नका. मी त्या भागाच्या आधी चिठ्ठी ठेवते: 'इथून पुढची आठ पानं जड आहेत. गाळलीस तरी पुढचं कळेल. वाचून बोलावंसं वाटलं तर मी आहे.' बहुतेक मुलं ती पानं वाचतात आणि बोलायलाही येतात. चिठ्ठी नसती तर वाचली असती, पण बोलायला आली नसती. ज्या मुलाच्या घरात नुकतंच कुणी गेलं आहे, त्याला त्याच प्रकारच्या मृत्यूची हकीकत मी आपण होऊन देत नाही. त्यानं मागितली तर त्याच्यासोबत वाचते.

## पायरी 6: एक देऊ नका, तीन ठेवा

एकच पुस्तक हातात दिलं की ती आज्ञा होते. तीन ठेवली की निवड होते. वेगवेगळ्या बाजाची तीन पुस्तकं मुलाच्या नेहमीच्या जागेजवळ ठेवा आणि एवढंच म्हणा, 'यातलं एखादं बघ, नाही आवडली तर परत देऊ.' भाषण नको. 'हे वाचलंस की तुझं आयुष्य बदलेल' असं तर अजिबात नको.

प्रत्येक पुस्तकात तुमच्या कागदावरच्या प्रश्नाला भिडणाऱ्या पानावर खूण ठेवा. कथेतर पुस्तक पहिल्या पानापासूनच वाचलं पाहिजे असा नियम नाही, आणि हे बऱ्याच मुलांना कुणी सांगितलेलंच नसतं. प्रस्तावना गाळली, मधून सुरुवात केली, एक प्रकरण वाचून ठेवून दिलं, तर ते वाचनच आहे. फ्रेंच लेखक डॅनियल पेनाक यांनी 1992 मध्ये वाचकाचे दहा हक्क मांडले. त्यांतला पहिला न वाचण्याचा, दुसरा पानं गाळण्याचा आणि तिसरा पुस्तक अर्धवट सोडण्याचा. मी हे तिन्ही गटाच्या पहिल्याच दिवशी वाचून दाखवते.

तपासा: दहा दिवसांत तिन्हींपैकी एकही उघडलं गेलं नाही, तर पुस्तकं शांतपणे उचला. आठवण करून देऊ नका. चूक पायरी 1 मध्ये झाली आहे, कागद पुन्हा काढा.

## पायरी 7: वाचन चालू असताना हात आखडता घ्या

किती पानं झाली, काय शिकलास, सारांश सांग: या तीन गोष्टी विचारल्या की पुस्तकाचा गृहपाठ होतो. विचारायचंच असेल तर 'आता ते कुठे अडकलेत?' असं विचारा. हा प्रश्न पुस्तकातल्या माणसांबद्दल आहे, मुलाच्या प्रगतीबद्दल नाही, आणि मुलांना हा फरक बरोबर कळतो.

## पायरी 8: पुस्तक अर्धवट राहिलं तर कुठे थांबलं ते पाहा

थांबलेलं पान हीच तुमची माहिती.

पहिल्या 15-20 पानांत थांबलं असेल, तर बहुधा दार चुकलं. लेखकाने घराण्याचा इतिहास, बालपण, पार्श्वभूमी आधी लावलेली असते. घटनेचं प्रकरण उघडून द्या आणि एकदाच.

मधे थांबलं असेल, तर दोन शक्यता. एक, नावांची आणि ठिकाणांची गर्दी झाली. त्यावर नकाशा आणि चिठ्ठी. दुसरी शक्यता लोकांच्या लक्षात येत नाही: मुलाला हवं ते उत्तर मिळालं. 'विमान का पडलं' एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं, ते 140 व्या पानावर कळलं आणि त्यानं पुस्तक मिटलं. हे अपयश नव्हे. त्या उत्तरातून कोणता नवा प्रश्न निघाला एवढं बघा आणि तो कागदावर लिहा.

अगदी शेवटाकडे थांबलं असेल तर सोडून द्या. शेवटच्या प्रकरणात लेखक बरेचदा धडे सांगायला बसतो आणि मुलं तिथून उठून जातात.

## पायरी 9: शिफारस मुलाची, शब्दही मुलाचे

किशोरांना पुस्तक पोहोचतं ते दुसऱ्या किशोराकडून. आपण दहा वेळा सांगून जे होत नाही ते मैत्रिणीच्या एका 'वाच गं' ने होतं. पण 'छान आहे, सगळ्यांनी वाचा' अशी शिफारस कुणालाच हलवत नाही. म्हणून माझ्या गटात पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर फक्त तीन गोष्टी लिहायच्या असतात: हे कोणाला दे, कुठून उघड, आणि काय आवडलं नाही. तिसरी सर्वांत महत्त्वाची. खटकलेलं लिहायची मोकळीक मिळाली की उरलेल्या दोन ओळी खऱ्या होतात.

एव्हरेस्टवर मे 1996 च्या वादळात आठ जण मरण पावले. त्यावर तिथं हजर असलेल्या जॉन क्राकौअर या पत्रकाराचं 'इन्टू थिन एअर' आहे आणि दुसऱ्या चमूचे मार्गदर्शक अनातोली बुक्रीव्ह यांचं 'द क्लाइंब' आहे, दोन्ही 1997 ची. क्राकौअरनी बुक्रीव्हवर टीका केली: गिर्यारोहकांच्या आधी तो खाली का आला? बुक्रीव्हनी आपली बाजू मांडली. त्याच रात्री वादळात एकट्याने बाहेर पडून त्यांनी तिघांना वाचवलंही होतं. एका 16 वर्षांच्या मुलीने पहिल्या पुस्तकावर लिहिलेलं कार्ड असं होतं:

'एकाचं ऐकून लगेच बाजू घेणाऱ्यांना दे. सुरुवातीची नावं विसरलीस तरी चालेल, वर चढायचा दिवस येतो तिथून उघड. लेखक स्वतःला इतका दोष का देतो ते मला पटलं नाही. दुसरं पुस्तक वाचेपर्यंत बुक्रीव्हबद्दल मत बनवू नकोस.'

ते कार्ड वाचून चार जणांनी दोन्ही पुस्तकं नेली. एकमेकांविरुद्ध बोलणाऱ्या पुस्तकांची अशी जोडी हाती लागली की सोडू नका. मुलं त्यावर भांडतात, आणि भांडण्यासाठी पुन्हा पुस्तक उघडतात.

इथं होणाऱ्या चुका मोठ्यांच्याच असतात. शुद्धलेखन सुधारून कार्ड पुन्हा लिहायला लावणं. खटकलेली ओळ काढायला सांगणं. पाचपैकी तारे मागणं, कारण तारे दिले की मूल वाक्य लिहीत नाही. आणि मुलानं सुचवलेलं पुस्तक आपण स्वतः न वाचणं. त्यानं तुम्हाला एखादं पुस्तक दिलं तर आठवड्याभरात उघडा. नाही आवडलं तर तसं सांगा, कारणासकट. त्याचं मत तुम्ही गंभीरपणे घेतलंत हे त्याला त्यातूनच कळेल.

तपासा: कार्ड वाचून ते पुस्तक नेमकं कोणत्या मित्राला द्यायचं हे तुम्हाला सुचतंय का? सुचत नसेल तर पहिली ओळ अजून मोघम आहे. मुलाला एवढंच विचारा, 'तुझ्या ओळखीतल्या कोणाला देशील?'

कार्ड पुस्तकातच राहू द्या. पुढचा वाचक त्याखाली आपल्या तीन ओळी लिहील, पहिल्याशी सहमत असो वा नसो. जागा संपली की दुसरं कार्ड मागे टाचा. जुनं काढू नका.